खंडेनवमीला घेतलेलं हत्यार, दिवाळीला उतरलेला भाव

निपाणीच्या बाजूला वेदगंगेच्या पट्ट्यात ठिबक बसवण्याची आणि पाणबुडी पंप दुरुस्त करण्याची कामं घेणारा एक तरुण आहे. आयटीआयला माझ्याकडे फिटर शिकलेला, त्यामुळे अजून ‘सर’च म्हणतो. त्यानं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बेळगावातल्या एका दुकानातून खिशात बसणारं मल्टिटूल, म्हणजे पक्कड, चाकू, डिसमिस (स्क्रू ड्रायव्हर) एकाच मुठीत घडी होणारं हत्यार घेतलं, ११,४०० रुपयांना. बारा दिवसांनी त्याच दुकानात, त्याच मॉडेलवर दिवाळीची ऑफर लागली: ९,६९० रुपये. फरक १,७१० रुपयांचा. त्यातले १,१४० रुपये त्याला परत मिळाले आणि ५७० मिळाले नाहीत. माझ्या मते दोन्ही गोष्टी रास्त झाल्या.

हे प्रकरण मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. आपल्या भागात भाव उतरला की माणसं एकतर ‘घेतलं ते घेतलं’ म्हणून गप्प बसतात, नाहीतर दुकानात जाऊन आवाज चढवतात. गप्प बसलं तर पैसे जातात आणि आवाज चढवला तर पैसेही जातात, दुकानही तुटतं. या पोरानं तिसरा मार्ग धरला, आणि तो पैसे मोजायच्या आधी धरला. सगळं त्यावरच उभं राहिलं.

आधी हत्यार, मग भाव

अकरा हजारांचं हत्यार ही त्याच्यासाठी छोटी खरेदी नव्हती. भिशीचा नंबर लागला होता, त्यातून पैसे काढले. म्हणून पहिला प्रश्न मी त्याला भावाचा विचारलाच नाही. विचारलं, ‘हे घेऊन तू करणार काय?’

त्याच्या मोटरसायकलला पिशवी असतेच. तिच्यात इन्सुलेशन असलेली आठ इंची तापारिया पक्कड, टेस्टर, पाने, पाइप कटर, ग्रोमेटसाठी ड्रिलचे बिट, सगळं असतं. अडचण पिशवीची नाही. अडचण अशी की गाडी राहते बांधावर आणि काम असतं उसाच्या फडात आत, कुठेतरी शेवटच्या सरीत. तिथं एक होज क्लिप सैल झालेली दिसते, फिल्टरच्या झाकणाचा स्क्रू पडायला आलेला असतो, लॅटरलच्या, म्हणजे ठिबकच्या बारीक नळीच्या, टोकाची तार सुटलेली असते. एका क्लिपसाठी परत गाडीपर्यंत जायचं, पाना घ्यायचा, पुन्हा आत यायचं. यात दिवसाचा चांगला तुकडा जातो. ठिबकचं काम एकरावर ठरतं, त्यामुळे गेलेला वेळ त्याच्याच खिशातून जातो. खिशातलं हत्यार पिशवीला पर्याय नाही. गाडी आणि काम यांच्यामधल्या त्या अंतरासाठी ते हवं असतं. हे एकदा पक्कं झालं की निवड बरीच सोपी होते.

दुसरं तितकंच पक्कं ठरवून घेतलं. स्टार्टरच्या पेटीत, चालू लाइनवर हे हत्यार जाणार नाही. मल्टिटूलची मूठ अखंड धातूची असते, तिला इन्सुलेशन नसतं. सप्लाय बंद करून, टेस्टर लावून खात्री केल्यावर झाकणाचा स्क्रू काढायला हरकत नाही. पण वायरीला हात लावायचा तो पिशवीतल्या इन्सुलेटेड पकडीनंच. थ्री फेज मोटरवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण हाताशी असलेली वस्तू घाईत वापरली जातेच.

त्याच्या डोक्यात दोन नावं होती. एक अमेरिकन लेदरमनचं वेव्ह प्लस, दुसरं स्विस व्हिक्टोरिनॉक्सचं स्विसटूल स्पिरिट. लेदरमननं १९८३ साली पकडीभोवती घडी होणारं आपलं पहिलं हत्यार बाजारात आणलं. वेव्ह १९९८ चं आणि त्यात तार कापायची पाती बदलता येतील अशी सुधारणा करून २०१८ मध्ये वेव्ह प्लस आलं. व्हिक्टोरिनॉक्स त्याहून कितीतरी जुनी. १८८४ साली सुरू झालेली कंपनी, जिचा लाल मुठीचा चाकू आपल्याकडे फौजेतून आलेल्या माणसांच्या हातात पूर्वीपासून दिसतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं अशा वस्तूंची पारख इथल्या पेठेला आहे.

पोराचा ओढा वेव्ह प्लसकडे होता. कारण सरळ होतं: त्याचं पातं एका हातानं, अंगठ्यानं उघडतं. डाव्या हातात लॅटरल धरलेली असताना उजव्या हातानं चाकू उघडता येणं ही खरोखर सोय आहे. ती मी हलकी लेखत नाही. पण मी त्याला म्हटलं, आठवडाभर वहीत लिही, फडात आत असताना तुला नेमकं काय लागलं. वही बघितली तर चाकूची ओळ क्वचित होती, कारण सोळा मिलिमीटरची लॅटरल कापायला त्याच्या शर्टाच्या खिशात पाइप कटर असतोच. वहीत पुन्हा पुन्हा येत होतं ते डिसमिसचं काम. चपटा आणि स्टार, दोन्ही. त्याखाली पक्कड, मग फिल्टरची जाळी खरवडणं, मग पीव्हीसीच्या कडेवर कानस मारणं.

या यादीनं पारडं फिरवलं. वेव्ह प्लसची बाहेरची चार पाती, म्हणजे साधं पातं, दातेरी पातं, करवत आणि कानस, मूठ मिटलेली असताना निघतात. पण कात्री आणि डिसमिस आत असतात, त्यासाठी आधी पक्कड उघडावी लागते. शिवाय मोठ्या डिसमिसचे बिट त्या कंपनीचे खास चपट्या आकाराचे असतात. आपल्याकडे बेळगावच्या रविवार पेठेत मिळणारे षटकोनी बिट जोडणी घेतल्याशिवाय त्यात बसत नाहीत. चिखलात एक बिट पडला तर तो तसा इथं कुठल्या हार्डवेअरला मिळायचा? स्पिरिटमध्ये सगळी अवजारं मूठ मिटलेली ठेवून बाहेरूनच काढता येतात. डिसमिस आपल्या जागी कायमचे बसवलेले, सुटं काही नाही. स्टार पेचासाठी वेगळं टोक आहे. वजनही कमी: वेव्ह प्लस २४० ग्रॅमच्या आसपास, स्पिरिट दोनशेच्या जरा वर. मोटरसायकलवर बसलं की मांडीवर तीसचाळीस ग्रॅमसुद्धा जाणवतात.

स्पिरिटचं पातं मात्र दोन हातांनी, नखानं उघडावं लागतं. तार कापायची पातीही बदलता येत नाहीत. ज्याचं काम दोरी, सुतळी, खोकी कापण्याचं आहे, त्यानं वेव्ह प्लसच घ्यावं. याच्या कामाला स्पिरिट बरं, एवढंच माझं म्हणणं.

तिसराही एक पर्याय होता. पेठेत सहाशे-सातशे रुपयांना बिननावाची मल्टिटूलं ढिगानं मिळतात. तो म्हणाला, ‘सर, असली दहा येतील की तेवढ्यात.’ येतील. पण त्यांच्या पकडीचे जबडे टोकाशी जुळत नाहीत आणि डिसमिसला लॉक नसला की जोर दिल्यावर तो मिटतो आणि बोटं मध्ये सापडतात. लॉक ही चैन नाही. वेव्ह प्लस आणि स्पिरिट या दोन्हींत प्रत्येक अवजार लॉक होतं, त्याची किंमत आपण मोजतो.

दुकानात त्यानं जे केलं ते मला फार आवडलं. खिशातून लॅटरलचा वीतभर तुकडा काढला, एक होज क्लिप काढली आणि फिल्टरच्या झाकणाचा एक स्क्रू. काउंटरवरच्या बाटलीतलं पाणी हातावर घेतलं, ओल्या हातानंच दोन्ही हत्यारं उघडून बघितली. स्पिरिटचा चपटा डिसमिस क्लिपच्या खाचेत बसवून अर्धा फेरा दिला, मग लॉकची सरकपट्टी मागे ओढून मिटवला. डोळे मिटून पुन्हा तेच. ओल्या हातात नखाची खाच सापडते का, हे बघायला दुसरी रीत नाही. काउंटरवरचा मुलगा सुरुवातीला कंटाळला होता, नंतर तोही बघत राहिला. शेवटी स्पिरिटच ठरलं.

एक गोष्ट मी त्याला आधीच बजावली होती: खोक्यावरचं लेबल वाच. आयात केलेल्या पाकीटबंद वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क असायलाच हवा. २०११ च्या वजनमापांच्या पाकीटबंद वस्तू नियमांत हे स्पष्ट आहे. या हत्यारांच्या नकला सर्रास निघतात, आणि आयातदाराचं लेबल नसलं तर पुढे वॉरंटीसाठी कुणाचं दार ठोठावणार? व्हिक्टोरिनॉक्स साहित्य आणि घडणीतल्या दोषासाठी आयुष्यभराची हमी देते, लेदरमन २५ वर्षांची. पण हमी बजावायला खरं खोकं आणि खरं बिल लागतं.

बिलावरची एक ओळ

त्याचा मामेभाऊ अमेरिकेत असतो. तिकडे मोठ्या दुकानांत वस्तू घेतल्यावर ठरावीक दिवसांत भाव उतरला तर फरक परत देण्याची रीत आहे. टार्गेटसारखं दुकान १४ दिवस देतं, कॉस्टको ३० दिवस. मामेभावानं फोनवर हे सांगितलं आणि पोरानं मला विचारलं, ‘आपल्याकडं असा कायदा हाय काय?’

नाही. आणि खरं सांगायचं तर तिकडेही तो कायदा नाही, दुकानांनी स्वतःहून घातलेला नियम आहे. आपल्याकडे कायदा एवढंच सांगतो की छापील किमतीच्या वर एक पैसा घ्यायचा नाही. छापील किमतीच्या खाली कितीला विकायचं हा दुकानदाराचा अधिकार. आज ११,४०० ला विकलं आणि महिन्याभरात ९,६९० ला विकलं, तर त्यात फसवणूक नाही. त्यामुळे भाव उतरल्यावर हक्क म्हणून फरक मागायला जाणाऱ्याच्या हातात काही नसतं.

पण दुकानदारानं स्वतः कबूल केलं असेल तर गोष्ट वेगळी. ती कबुली पैसे देण्याआधी मिळवायची, कारण त्या वेळी दुकानदाराला विक्री हवी असते. पैसे गल्ल्यात गेल्यावर त्याला फरक द्यायचं कारण उरत नाही.

पोराला थांबणं शक्य नव्हतं. खंडेनवमीला हत्याराची पूजा करायची होती, आणि पूजेला नवं हत्यार ठेवायचं हे त्यानं मनाशी धरलं होतं. दसऱ्यानंतर वीसेक दिवसांत दिवाळी येते, ऑफर लागणार हे उघड होतं. मग तो काउंटर सोडून मालकाकडे गेला. संभाषण त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं.

‘सावकार, दिवाळीत याचा भाव उतरतो काय ओ?’

‘आत्ता कसं सांगू? कंपनीनं स्कीम दिली तर उतरंल की.’

‘मग मी दिवाळीतच येतो.’

‘अरे, उद्या खंडेनवमी हाय म्हणालास की.’

‘तेच म्हणालोय. आज घेतो, पर उतरला तर फरक द्यायचा. बिलावर लिहून द्या.’

मालक थोडा विचारात पडला, मग त्यानं बिलाच्या खाली पेनानं लिहिलं: ‘१५ दिवसांत आमच्या दुकानात याच मॉडेलचा भाव कमी झाल्यास फरक परत.’ खाली सही, शिक्का, तारीख.

ही ओळ नीट बघा. मुदत आहे. ‘आमच्या दुकानात’ आहे, म्हणजे कोल्हापूरचा किंवा मोबाइलवरचा भाव दाखवून चालणार नाही. ‘याच मॉडेलचा’ आहे. मालकानं स्वतःचा बचाव व्यवस्थित करून घेतला आणि तो त्याचा हक्कच आहे. अशी घट्ट ओळ दुकानदार पाळतो, कारण ती पाळणं त्याच्या आवाक्यात असतं. ‘कुठंही स्वस्त मिळालं तर फरक देऊ’ असली ढगळ वचनं ऐकायला गोड लागतात आणि निभावायच्या वेळी त्यांतून शंभर वाटा फुटतात.

कोल्हापूरचा भाव आणि मोबाइलवरचा भाव

पोराच्या गावाहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या दुप्पट धरा. तो उद्यमबागेत पंपाचे भाग आणायला बेळगावला आला होता म्हणून खरेदी इथं झाली. चार दिवसांनी कोल्हापुरातल्या एका दुकानात तेच मॉडेल काहीशे रुपयांनी कमी आहे असं मित्रानं सांगितलं. पोराचा जीव वरखाली.

सीमेवर राहणाऱ्या आपल्या माणसांच्या मनात अजून एक जुना समज आहे की दोन राज्यांत कर वेगळा म्हणून भाव वेगळा. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू व्हायच्या आधी दोन्हीकडचा व्हॅट निराळा होता, तेव्हा ते खरं होतं. आता एका वस्तूवर दोन्ही राज्यांत दर एकच. कोल्हापूरचं दुकान स्वस्त देतंय ते त्याच्या मार्जिनमधून किंवा जुन्या मालामुळे. तो भाव बेळगावच्या दुकानदारासमोर मांडायला मी मना केलं. आपल्या ओळीत तो बसत नव्हता, आणि जे ठरलं नाही ते मागायला गेलं की जे ठरलंय त्याचंही वजन कमी होतं.

मोबाइलवर तर त्याहून कमी भाव दिसत होता. फोटो मोठा करून बघितला तर आयातदाराचं नाव कुठं नव्हतं, आणि विक्रेता ‘फक्त बदली, परतावा नाही’ म्हणत होता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे मूळ देश आणि विक्रेत्याची माहिती दाखवणं बंधनकारक आहे. जिथं ती लपवली आहे तिथला भाव तुलनेला घेऊच नये. एक खरं खोकं आणि एक बिनलेबलाचं खोकं यांच्या किमतीतला फरक हा ‘उतरलेला भाव’ नव्हे. ऑनलाइनच घ्यायचं असेल तर किपा किंवा बायहटकेसारख्या साधनांवर त्या वस्तूचा मागचा भाव बघता येतो. ‘मूळ किंमत’ म्हणून खोडलेला आकडा कधी खरा होता का, ते तिथं कळतं.

ज्यांना कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडूनच खरेदी करावी लागते त्यांच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची. वाद झालाच तर तक्रारीसाठी महाराष्ट्रात खेटे घालावे लागतील ही भीती आता नको. १९८६ च्या जुन्या कायद्यात समोरचा पक्ष जिथं असेल किंवा व्यवहार जिथं झाला असेल तिथं जावं लागायचं. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे वस्तू कोल्हापूरची असली तरी निपाणी, खानापूर, अथणीचा माणूस बेळगावच्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तिथं मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.

ऑफर लागल्यावर

बाराव्या दिवशी दुकानाबाहेर बोर्ड लागला. १५ टक्के सूट, ९,६९०. पोरगा संध्याकाळी गर्दीच्या वेळी गेला, काउंटरवरच्या मुलानं सांगितलं, ‘ऑफर नव्या बिलालाच हाय.’ त्यानं तिथंच मला फोन लावला. आवाज तापलेला. मी म्हटलं, भांडू नकोस, बोर्डाचा फोटो काढ, तारीख दिसेल असा, आणि उद्या दुपारी मालक मोकळा असताना जा.

फोटो आला. बोर्डावर मोठ्या अक्षरात ‘१५%’, आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘१०% दुकानाची सूट + ५% ठरावीक बँकेच्या कार्डवर’. ही तळाची ओळ फार महत्त्वाची होती. मोठ्या अक्षरांचा भाव खरा भाव नव्हता. कार्ड नसलेल्या गिऱ्हाइकाला त्या दिवशीही हत्यार १०,२६० लाच मिळत होतं. बँकेची सूट बँक देते, दुकानदाराच्या गल्ल्यातून ती जात नाही. पोरानं पैसे यूपीआयनं दिले होते आणि त्याच्याकडे त्या बँकेचं कार्डच नव्हतं.

म्हणून त्याला सांगितलं, १,७१० मागू नकोस, १,१४० माग. तो नाराज झाला. मी समजावलं की मालकानं लिहून दिलंय ते दुकानाच्या भावाबद्दल. दुकानाचा भाव १० टक्क्यांनी उतरलाय, तेवढंच त्याच्याकडून येणं आहे. जास्त मागितलं तर मालकाला ‘तुझा हिशेबच चूक’ म्हणून सगळंच नाकारायला जागा मिळते. नेमका आकडा घेऊन गेलेल्या माणसाला टाळणं अवघड जातं.

दुसऱ्या दिवशी मालकानं तीन गोष्टी पुढे केल्या.

पहिली: ‘बिल जीएसटीच्या पोर्टलवर गेलंय, आता बदलायला येत नाही ओ.’ बिल बदलायचं नसतंच. अशा वेळी दुकानदार क्रेडिट नोट काढतो. मूळ बिल तसंच राहतं, आणि किंमत एवढ्यानं कमी केली अशी नोंद त्या बिलाचा नंबर घालून होते. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये ही सोय आहे आणि ती कर-हिशेबात दाखवायला आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत वेळ असतो. सूट विक्रीआधीच ठरलेली होती, त्याचा पुरावा बिलावरच होता, त्यामुळे त्या १,१४० मधला कराचा हिस्साही मालकाला कमी दाखवता येत होता. पोरानं हे सांगितल्यावर मालकानं तिथूनच आपल्या अकाउंटंटला फोन लावला. दोन मिनिटांत तो मुद्दा मिटला. माझा अनुभव आहे की दुकानदार या बाबतीत बहुतेक वेळा खोटं बोलत नाहीत, त्यांना स्वतःलाच खात्री नसते.

दुसरी: ‘कंपनीची स्कीम नव्या मालावर हाय, तुझा पीस जुन्या लॉटचा.’ यात तथ्य असू शकतं. कंपनी विक्रेत्याला ठरावीक तारखेनंतरच्या खरेदीवर सूट देते आणि जुन्या पीसवरचा फरक विक्रेत्याला स्वतः सोसावा लागतो. मला मालकाची ही अडचण कळते. पण त्यानं लिहून देताना लॉटचा उल्लेख केला नव्हता, मॉडेलचा केला होता. पोरानं बिल पुढे सरकवलं आणि गप्प राहिला. तेच योग्य होतं.

तिसरी: ‘बरं, ११४० चा माल घेऊन जा. नाहीतर पुढच्या बिलात वळते करतो.’ इथं बरेच जण ‘ठीक आहे’ म्हणून उठतात. माल हवाच असेल तर त्यात वाईट काही नाही. पण पोराला भिशीचा पुढचा हप्ता भरायचा होता, आणि लेखी ओळीत पुढच्या खरेदीचा उल्लेख नव्हता. तो म्हणाला, ‘सावकार, लिहिलंय तसं करा. पुढची खरेदी मी तुमच्याकडंच करतोय, ते काय वेगळं सांगायला नको.’

पैसे यूपीआयवर आले, ज्या खात्यातून गेले होते त्याच खात्यात. क्रेडिट नोट दिवाळीनंतर मिळाली, ती त्यानं मूळ बिलाला जोडून ठेवली आहे. हे मी मुद्दाम करायला लावलं. उद्या वॉरंटीसाठी बिल दाखवायची वेळ आली तर खरेदीची किंमत आणि परत आलेली रक्कम दोन्ही कागदावर जुळायला हवीत.

समजा मालकानं साफ नकार दिला असता तर? लेखी कबुली, बोर्डाचा तारखेचा फोटो, मूळ बिल, एवढं हातात असल्यावर १९१५ वरची तक्रार उभी राहिली असती आणि पुढे आयोगाचं दारही उघडं होतं. बिलावर ओळ नसती तर मात्र मी त्याला तक्रारीच्या भानगडीत पडू दिलं नसतं. तेव्हा दोनच गोष्टी हातात राहतात. वस्तू सीलबंद असेल आणि दुकान परत घेत असेल तर परत देऊन नव्या भावानं घेणं, किंवा मालकाला नम्रपणे विचारणं. जुन्या गिऱ्हाइकाला दुकानदार पुष्कळदा काहीतरी सोडतो. त्यानं नाही म्हटलं तर ते मान्य करायचं.

पुढे

हत्यार रोज वापरात आहे. खताचं पाणी लागलं की संध्याकाळी साध्या पाण्यात धुऊन, पुसून, सांध्यात तेलाचा थेंब, हे त्यानं अंगवळणी पाडून घेतलंय. स्टेनलेस पोलादालाही क्षार आणि आम्लाच्या पाण्यानं डाग धरतात, तेव्हा याला पर्याय नाही. कडक स्प्रिंगची तार मात्र त्यानं एकदाही त्या पकडीनं कापलेली नाही, ती पिशवीतल्या पकडीचं काम. बेंगळुरूला विमानानं जायचा योग आला तेव्हा सांबऱ्याच्या विमानतळावर पोचायच्या आधीच हत्यार चेक-इनच्या बॅगेत टाकलं, कारण हातातल्या सामानात पातं चालत नाही. बसमध्ये, गावात, शेतात ते जवळ बाळगायला अडचण नाही. शस्त्र नियमांतली नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची मर्यादा या हत्यारापासून फार लांब आहे, आणि कामाच्या अवजारांना त्यातून वगळलेलंच आहे.

मालकानंही या प्रकरणानंतर आपली ओळ सुधारली. परवा माझ्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्यानं त्याच दुकानातून जॅक आणि पान्यांचा संच घेतला आणि फरकाचं विचारलं. मालकानं लिहून दिलं, पण मुदत १० दिवसांची, आणि पुढे ‘बँकेची सूट व भेटवस्तू वगळून, नव्या लॉटवरील कंपनी स्कीम लागू नाही’ असं स्पष्ट. टेम्पोवाला मला म्हणाला, यात आता उरलंच काय? दुकानानं स्वतःहून भाव कमी केला तर तो फरक उरलाय. दहा दिवसांत तेवढं झालं तर तो त्याला मिळेल.